घासलेली पावली

राजेसाहेबांची पावली कुणीतरी घासली! निंबारी संस्थानावर शत्रू चालून आला असता तरी एवढा हलकल्लोळ झाला नसता.

राजेसाहेबांना नाद होता जुन्या पावल्यांचा, म्हणजे चार आण्याच्या चांदीच्या नाण्यांचा. संस्थानात धड रस्ते नव्हते, पण पावल्या होत्या! त्यांची पारख करायला नागोपंत पोतदार खास पगारावर ठेवलेले. पंत पावली चिमटीत धरत, भिंग डोळ्याला लावत, वरच्या मुखवट्याचं नाक किती झिजलंय, कान किती उरलाय ते न्याहाळत आणि मोठ्यानं निकाल देत, "ही बारा आणे! ही चौदा!" मग ती काचेच्या डबीत घालून वर लाखेची मोहोर. चार आण्याची पावली चौदा आणे कशी भरते, हे पंतांना विचारायची कुणाची टाप नव्हती.

सगळ्यांत लाडकी पावली थोरल्या महाराजांची, म्हणजे राजेसाहेबांच्या पणजोबांची. तिच्यावर त्यांचा मिशाळ चेहरा होता आणि वर्षानुवर्षं हात न लागल्यानं तो काळाकुट्ट पडला होता. "सरकार, हा काळेपणा म्हणजेच हिची किंमत! सोळा आणे!" असं पंत म्हणत आणि राजेसाहेब धन्य होत.

लक्ष्मीपूजनाला राजेसाहेबांनी ती डबीतून काढून तबकात ठेवली. पूजा आटोपली, तबक घासायला गेलं, आणि तबकाबरोबर पावलीही गेली. राजवाड्यातली भांडी घासायची सारजा. तिनं कपाळाला हात लावला. "अगं बया! देवापुढची चांदी, आन् ही कळा?" घेतली रांगोळी, चोळचोळ चोळली. पावली अशी लख्ख झाली की थोरले महाराज हसल्यासारखे दिसायला लागले!

पंत मात्र रडायला लागले. "बुडालो, सरकार! आता ही दोन आण्यांचीसुद्धा नाही!"

राजेसाहेबांनी सारजेला उभी केली. "पौर्णिमेपर्यंत ही होती तशी काळी करून आण. नाहीतर आमच्या राज्यातून तोंड काळं कर!"

"आणि दिव्याची काजळी फासशील तर याद राख," पंत भिंग रोखत म्हणाले. "बनावट काळेपणा मी लांबून ओळखतो. तो आपोआपच यायला हवा!"

म्हणजे जे व्हायला पिढ्या गेल्या, ते पौर्णिमेपर्यंत व्हायला हवं! असला हुकूम फक्त राजालाच सुचतो.

सारजा घरी आली आणि पदरात तोंड खुपसून रडली. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती. माहेर म्हणजे आई, दुसरं कोणी नव्हतंच. आईलाच गावाबाहेर काढलं तर पोरीनं जायचं कुठं? रडून झाल्यावर तिला राग आला. धुतल्याबद्दल शिक्षा! उभ्या जन्मात तिनं असलं ऐकलं नव्हतं.

पौर्णिमेला दरबार भरला. सारजेनं पावली पुढं ठेवली. ती होती तशीच चकचकीत!

"काळी का केली नाहीस?" राजेसाहेब गरजले.

"करते की, सरकार. पण हुकूम नीट कळाला न्हाई. समदी पावली काळी करायची, का निस्ती पाठ?"

पंतांना राहवेना. "पाठीला कोण विचारतंय, अडाणी कुठली! तोंड काळं हवं, तोंड! किंमत त्याचीच आहे!"

"बरं. तोंड काळं करायचं. कुणाचं म्हनायचं हे तोंड, पंत?"

"अगं, आंधळी आहेस का? थोरल्या महाराजांचं!"

"समद्यांनी ऐकलं न्हवं?" सारजा कारकुनाकडं वळली. "घ्या लिहून, दादा. थोरल्या महाराजांचं तोंड काळं करायचं, असा पंतांचा हुकूम हाय. खाली सरकारांची सही घ्या, की म्या लगेच कामाला लागते!"

कारकुनानं टाक दौतीत बुडवला होता, तो तिथंच राहिला. पंत ततपप करू लागले, "म्हणजे... सरकार... मी तसं नाही म्हणालो..."

"मग कसं म्हनालात?" सारजा आता थांबते कसली! "ऐन दिवाळीत म्या थोरल्या महाराजांचं तोंड धुतलं. समद्या दुनियेला उटणं, तवा त्यांनी का पारोसं ऱ्हावं? आन् न्याव बघा सरकारांचा! तोंड धुणारीनं गाव सोडायचं, आन् तोंड काळं करा म्हननाऱ्यानं पगार खायचा!"

राजेसाहेबांनी पणजोबांकडं पाहिलं, पंतांकडं पाहिलं, आणि त्यांच्या पोटातून जे हसू उसळलं ते आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "पंत, करा पारख! बाईच्या उत्तराला किती आणे?"

"सो... सोळा, सरकार."

"आणि तुमच्या डोक्याला?"

पंतांनी भिंग खिशात घातलं.

"आम्ही सांगतो. पावली कम!" दरबार खो खो हसला. "सारजाबाई, माग काय हवं ते. ही पावलीच घेतेस?"

"नगं, सरकार! ती घेऊन वाण्याकडं गेले, तर त्यो तोंड बघत बसंल आन् गूळ द्यायचा ऱ्हाईल. माझी लेक पहिलटकरीण हाय. तिला तेवढी सुखरूप घरी आनायची व्यवस्था करा."

राजेसाहेबांनी त्याच दिवशी लेकीला आणायला राजवाड्याचा मेणा धाडला, बरोबर तूप, डिंक, खोबरं आणि भरजरी बाळंतविडा दिला. आणि वाटेत काही कमी पडायला नको म्हणून मेण्याबरोबर नागोपंतांना पायी पाठवलं.