बुजवलेली खिडकी

एकदा एका वृद्ध वैद्यांनी खोकल्याने बेजार झालेल्या स्त्रीपुढे औषधाऐवजी पहार ठेवली. घडले ते असे.

त्या नगरात विरुपाक्षशेट नावाचे मोठे व्यापारी होते. चंदन, ऊद आणि धूप यांचा त्यांचा व्यापार दूरवर चाले. धाकट्या भावाशी वितुष्ट आले तेव्हा घराचे दोन भाग झाले, आणि भावाच्या अंगणात उघडणारी स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी शेटजींनी विटा-मातीने बुजवून टाकली. भावाचे तोंड दिसू नये, एवढाच हेतू. पण त्यानंतर चुलीच्या धुराला वाटच उरली नाही. तो कौलांखाली साठे, भिंती काळ्या करी आणि मग माजघरात उतरे. आल्यागेल्याला त्याचा वास जाणवू लागला, तेव्हा शेटजींनी सकाळ-संध्याकाळ घरभर उंची धूप जाळण्याची आज्ञा केली. धुरावर आणखी धूर चढला. मात्र वास सुगंधी झाला, आणि शेटजींचे समाधान झाले.

झळ लागली ती त्यांच्या सुनेला, सगुणेला. नवरा व्यापारासाठी परमुलखात. तिचा बहुतेक दिवस चुलीपुढे जाई, आणि तिची लहानगी गिरिजा तिच्या पदराला धरून तिथेच बसे. दोघींना खोकला जडला. काढे झाले, चाटणे झाली, गुण येईना. माहेरी गेल्या की दोघी बऱ्या होत आणि परतल्या की पुन्हा तेच. त्यावरून घरात असे ठरले की हे दुखणे नव्हे, माहेरची ओढ आहे. पण त्या हिवाळ्यात गिरिजेला धाप लागू लागली, ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा मात्र शेटजींनी वृद्ध वैद्यांना बोलावणे पाठवले.

वैद्य आपला शिष्य नीळकंठ याला घेऊन आले. त्यांच्या पाठशाळेला धान्य विरुपाक्षशेटांकडून येई आणि सारे शिष्य त्यावरच जेवत. त्यामुळे नीळकंठ थोडा संकोचानेच आत शिरला.

वैद्यांनी गिरिजेच्या छातीला कान लावला. मुलगी दिवसभर कुठे असते, असे त्यांनी सगुणेला विचारले, आणि उत्तर ऐकताच ते उठून स्वयंपाकघरात गेले. चूल पेटलेली होती. ते पाट ओढून चुलीशेजारी बसले आणि त्यांनी शेटजींनाही आग्रहाने शेजारी बसवले. भात शिजेपर्यंत इथेच बसू, मग औषध सांगतो, असे ते म्हणाले. पाण्याला आधण येण्यापूर्वीच शेटजी उपरण्याने डोळे पुसत बाहेर पडले. वैद्य मात्र भात उतरेपर्यंत हलले नाहीत.

मग त्यांनी नोकराकडून एक पहार मागवली आणि ती सगुणेच्या पायापाशी ठेवली.

"मुली, हे तुझं औषध," ते म्हणाले. "जिथे खिडकी होती, तिथली भिंत पाड."

नीळकंठ चपापला. चार पायऱ्या चढल्या तरी तिला दम लागत होता. त्याने पुढे होऊन पहार उचलली, पण वैद्यांनी त्याचा हात धरला आणि ती खाली ठेवायला लावली.

शेटजींचा संताप अनावर झाला. आपल्या घराच्या भिंतीला हात लागला तर उद्यापासून पाठशाळेला दाणाही मिळणार नाही, असे त्यांनी बजावले.

"नका देऊ," वैद्य म्हणाले. "भिंत तुमची आहे, शेटजी. पण तिच्याआड कोंडलेला श्वास या मायलेकींचा आहे. त्यावर तुमची सत्ता नाही."

शेटजी सुनेकडे वळले. पहारीला शिवायचे नाही, एवढेच ते म्हणाले. सगुणेने आजवर त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती. ती गिरिजेकडे पाहत राहिली. मुलीच्या गळ्यापाशी प्रत्येक श्वासासरशी खळगा पडत होता. सगुणेने पदर खोचला आणि पहार उचलली.

पहिल्या घावाला नुसती माती झडली. तिला खोकल्याची उबळ आली; भिंतीला टेकून ती थांबली आणि पुन्हा घाव घातला. कितीदा थांबली, कितीदा उठली. अखेर एक वीट निसटून पलीकडच्या अंगणात पडली. आवाज ऐकून तिकडून तिच्या चुलतसासूबाई धावत आल्या. क्षणभर त्यांनी आत पाहिले, आणि काही न विचारता त्या आपल्या बाजूने विटा काढू लागल्या.

दुसऱ्या दिवशी शेटजींनी गवंडी बोलावला. सगुणा त्या भगदाडापुढे उभी राहिली.

"मामंजी, खिडकी बुजवायचीच असेल तर मी चूल रस्त्यावर मांडते," ती म्हणाली. "तुमच्या घरची सून कुठे रांधते ते सगळ्या पेठेला दिसू दे. पण इथं कोंडून घेऊन मी आता चूल पेटवणार नाही."

गवंड्याने तिच्याकडे पाहिले, शेटजींकडे पाहिले आणि आपली थापी उचलून तो निघून गेला. शेटजी काही दिवस घरी जेवले नाहीत. मग एका दुपारी येऊन मुकाट्याने पाटावर बसले. धूप जाळणेही सगुणेने देवघरापुरतेच ठेवले. गिरिजेची धाप हळूहळू ओसरली. सगुणेचा खोकला मात्र लवकर हटला नाही, पण तिला शांत झोप लागू लागली. दोघा भावांचे बोलणे काही सुरू झाले नाही.

पाठशाळेचे धान्य बंद झाले ते झालेच. शिष्य झोळ्या घेऊन दारोदार फिरू लागले. एका सकाळी वाटेत नीळकंठाने गुरूंना विचारले, "गुरुजी, ती भिंत मी सहज पाडली असती. त्या दुबळ्या बाईला कशाला शिणवलंत? शेटजींना गोडीनं समजावलं असतं तर कदाचित धान्यही राहिलं असतं."

वैद्य चालता चालता थांबले. "तू पाडली असतीस, तर ती वैद्याने पाडलेली भिंत झाली असती. आपली पाठ वळताच शेटजींनी ती पुन्हा उभी केली असती, आणि सगुणा खाली मान घालून पुन्हा धुरात जाऊन बसली असती. त्या चुलीपुढे रोज आपण नसतो, ती असते. तिला धूर सोसण्याची सवय झाली होती, नीळकंठा. खोकल्यावर माझ्याकडे औषध आहे, सोसण्यावर नाही. ते ज्याचं त्यालाच मोडावं लागतं. आणि धान्याचं म्हणशील, तर लेकराचा श्वास कोंडलेला पाहूनही जो वैद्य दात्याची मर्जी सांभाळतो, त्याने ते अन्न पचवायचं तरी कसं?"

 पुढच्याच वळणावर विरुपाक्षशेटांचे घर होते. इतके दिवस नीळकंठ ते टाळून जात असे. आज तो सरळ दारापुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने खड्या आवाजात भिक्षा मागितली. शेटजी ओसरीवरच बसले होते. आतून सगुणा सुपात तांदूळ घेऊन आली. गिरिजा तिच्यापुढे पळत होती. शेटजींनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले, सुनेकडे पाहिले, आणि मिटून घेतले. तांदूळ झोळीत पडले.

आपल्या घरात कुणाचा श्वास कशाआड कोंडला आहे, ते आज घरी गेल्यावर जरूर पाहावे. आणि ती भिंत कुणाची, हे विचारत बसू नये.