नव्या दालनातला ओळंबा

घरं बांधणाऱ्यांची नावं विसरून घरांचे नमुने जपायची पद्धत नुकती पडली होती, तेव्हाची गोष्ट. राजधानीतल्या वास्तुकला संग्रहालयात, काचेच्या पेटीत, मखमलीवर एक पितळी ओळंबा, भिंत सरळ आहे का ते दाखवणारं दोरीला बांधलेलं वजन, आडवा निजवला होता. चाळीस वर्षं तो धोंडाप्पा गवंड्याच्या हाताखाली राबला होता. धोंडाप्पा एक डोळा मिटून त्याच्या दोरीकडे बघायचा आणि भिंत सूतभर कललेली दिसली तरी म्हणायचा, "आधी पाडा, मग भाकरी खा." त्या ओल्या चुन्याचा वास ओळंब्याला अजून आठवायचा.

संग्रहालयाचं नवं दालन बांधून झालं आणि पेट्या तिथे हलवल्या. समोरची भिंत बघून ओळंबा अस्वस्थ झाला. "ही पुढे कललीय. एक दिवस माणसांच्या अंगावर येईल."

शेजारचा राजवाड्याचा लाकडी नमुना हसला. "ओळंबेराव, तुम्ही निवृत्त झालात. इथे आपण फक्त दिसायचं."

"मला कुणीतरी टांगा. मग दाखवतो."

उद्घाटनाच्या सकाळी संचालकांनाच वाटलं, ओळंबा टांगलेला शोभेल. शिपायाने तो नव्या भिंतीला वरून सोडला. ओळंबा दोनदा झुलला आणि स्थिर झाला. धोंडाप्पा गेल्यापासून त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. वर दोरी भिंतीला टेकलेली होती, खाली चार बोटांचं अंतर होतं.

"साहेब, भिंत पुढे आलीय," शिपाई म्हणाला.

संचालकांनी त्या अंतरात बोटं घालून बघितली. "पाहुणे किती वाजता येणार?"

"अकराला."

"मग ओळंबा काढा."