केरबाने राखलेली टेकडी

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं तो ऐकायचा, आणि हाच त्याचा दोष होता.

गावामागची टेकडी बोडकी होत चालली होती. पाऊस आला की तिची माती थेट विहिरीत उतरायची. केरबाची बायको वैजंता बारावी शिकलेली होती. दीड वर्षाच्या लेकीला पाणी पाजताना ती ते आधी चार पदरी फडक्यातून गाळी, मग उकळी, आणि तरीही रात्रभर लेकीचं पोट चाचपत बसे. म्हणून गावाने टेकडीवर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, भोवती कुंपण घातलं, आणि केरबाला राखणदार नेमलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला.

सरपंचांनी केरबाला बजावलं, आत कुणी पाऊल टाकता कामा नये.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया दोनशे रोपं घेऊन लावायला आल्या. केरबाने फाटक उघडलं नाही. पावसाने उघडीप दिली होती. रोपं फाटकाशीच वाळली.

"अहो, झाड घेऊन आलेल्याला अडवायचं नसतं," वैजंता म्हणाली.

"असं होय. आधी सांगायचं नाही का?"

तिला वाटलं, खरंच, आपणच आधी सांगायला हवं होतं.

दोन दिवसांनी मागच्या बाजूने शिरलेला बापू सुतार अंजनीचं खोड खांद्यावर घेऊन फाटकाशी आला. त्याने पळायची तयारी ठेवली होती. केरबाने फाटक सताड उघडलं, वर खांदाही बदलून दिला. झाड घेऊनच आला होता ना तो.

वैजंताने कपाळाला हात लावला. म्हणाली, आतलं आतच राहिलं पाहिजे. काही झालं तरी बाहेर जाऊ द्यायचं नाही.

मग कुंपण मोडून तीस शेळ्या आत घुसल्या. धनगराचा तानाजी स्वतः न्यायला आला, पाया पडला. केरबाने फाटकाला कुलूप घातलं. चार दिवसांनी वैजंताने ते उघडायला लावलं, तेव्हा शेळ्यांची फुगलेली पोटं फाटकातून मावत नव्हती.

"आतल्या होत्या की," केरबा म्हणाला.

"अहो, खायला दिसलं म्हणून शेळ्या आल्या. तोडायला दिसलं म्हणून सुतार आला. एवढं तरी ध्यानात घ्या."

केरबाने बराच वेळ ध्यानात घेतलं. मग विचारलं, "म्हणजे काही दिसलंच नाही, तर कुणी येणार नाही?"

लेक भात थुंकत होती. तिच्याकडे बघत वैजंता म्हणाली, "हो, मग कशाला येतील?"

त्या एका 'हो'चा पुढे तिला फार पश्चात्ताप झाला.

आठ दिवस केरबा पहाटे जाई आणि दमून येई. एवढं मन लावून काम करतोय म्हणून तिने त्याला भाकरी वाढवून दिली. नवव्या दिवशी ती लेकीला काखेत घेऊन टेकडीवर गेली. करवंद नाही, घाणेरी नाही, गवताची काडी नाही. मुंज झालेल्या बटूसारखी टेकडी तुळतुळीत. मधोमध केरबा विळा घेऊन बसलेला.

"एक शेळी फिरकली नाही बघ," तो म्हणाला.

भादव्यात तीन दिवस धो धो पाऊस लागला आणि टेकडी विहिरीत येऊन बसली. पोहरा काढला तर निम्मा चिखल.

त्याच आठवड्यात तालुक्याहून साहेब तपासणीला आले. चिखल फार म्हणून वर काही गेले नाहीत. चावडीत राखणीची नोंदवही चाळली. दोन महिन्यांत वृक्षतोड नाही, चराई नाही, एक तक्रार नाही. साहेबांचं मन भरून आलं. त्यांनी केरबाला शाल आणि नारळ दिला.

वैजंता भर सभेत उभी राहिली. "साहेब, एकदा वर जाऊन बघा. झाडच नाही राहिलं तिथं."

"बाई, वहीत सगळं आहे," साहेब म्हणाले.

केरबा शाल पांघरूनच घरी आला.

"साहेब लई खूश झाले," तो म्हणाला. "पलीकडची देवराई पण माझ्याच हवाली केली. दाट आहे म्हणतात, माणूस दिसत नाही इतकी. उद्या लवकर निघायचंय. विळ्याला धार लावून ठेव."