पोशाचा खडक

पाहुणेमंडळी, जरा दम खा. मीही खातो. ही टेकडी रोज दोनदा चढून गुडघे कुरकुर करायला लागलेत, आणि गोष्ट तर इतक्यांदा सांगून झाली आहे की तोंड आपोआप चालतं. ती समोर कोंडवेळची खाडी. तोंडाशी पाणी काळसर दिसतं, लाट नसताना मध्येच फेस येतो, तो पोशाचा खडक. तिथून कुठलीही होडी जाऊ दे, पुढे बसलेला माणूस उठतो आणि ओरडतो, "दीड वाव!" दोन्ही हात ताणून पसरले की एक वाव. ओहोटीला खडकावर पाणी तेवढंच, दीड वाव. गावात हे न शिकवता कळतं आणि आता होडीतलं यंत्रही खोली दाखवतं. तरी ओरडायचं.

फिरंग्यांची जहाजं या किनाऱ्याला नवीनच होती तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. एक जहाज खाडीबाहेर नांगर टाकून राहिलं. त्यावर दुवार्त नावाचा नकाशे काढणारा होता. भर दुपारी पितळी चक्र डोळ्यासमोर धरून तो सूर्याची उंची मोजायचा आणि उरलेला दिवस शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली. घर सुटून इतकी वर्षं झाली होती म्हणे, की लेकीचा चेहरा त्याला आठवेना. शिणलेला माणूस, पण कामाला पक्का. त्याच्या देशातल्या जुन्या पोथ्यांत आपल्याकडे एकडोळी माणसं राहतात असं लिहिलं होतं. ते त्याने खोडून टाकलं. दुभाष्याकरवी तो सांगायचा, "कुणी लिहून ठेवलं म्हणून मी काढत नाही. मोजतो, मग काढतो."

त्याच्या मदतीला इथला गोमा तांडेल आपली होडी घेऊन जायचा. सोबत धाकटा भाऊ पोशा. पोशाला त्या चक्राचं वेड लागलं. जेवायला घरी, बाकी दिवसभर फिरंग्यांत.

दुवार्तवर गावाचा राग नव्हता. भीती होती ती त्याच्या कागदाची. वरच्या अंगाचं एक गाव फिरंग्यांनी तोफा डागून जाळलं होतं, आणि त्याआधी तिथलंही पाणी कुणीतरी मोजून नेलं होतं. म्हाताऱ्यांनी गोमाला देवळात बोलावलं. खाडीच्या तोंडाचा खडक कागदावर येता कामा नये, आणि पोशाला यातलं काही कळता कामा नये, असं ठरलं.

संधी आपण होऊन चालून आली. दुवार्त तापाने पडला आणि नेमकी तीच जागा मोजायची राहिली होती. त्याने दोरी गोमाच्या हातात दिली. गोमा गेला, आला आणि म्हणाला, "धा वाव." दुवार्तने लिहून घेतलं, बाजूला गोमाचं नावही. अख्ख्या नकाशात स्वतः न मोजलेला तेवढा एकच आकडा, आणि तो त्याने गोमावरच्या विश्वासाने लिहिला.

जहाज निघालं तेव्हा पोशाही खलाशी म्हणून निघाला. गोमाने मनाची समजूत घातली. पोशाला तो खडक घरच्या अंगणासारखा ठाऊक आहे, त्याला कागदाची काय गरज? आमच्या लोकांची चूक झाली ती इथे. पाणी ज्याला ठाऊक त्याचंच जहाजावर ऐकलं जातं, असं त्यांना वाटायचं.

काही वर्षांनी भर ओहोटीला एक फिरंगी जहाज सरळ खाडीत शिरू लागलं. गाव याच टेकडीवर जमलं. जहाज खडकावर फुटलं तेव्हा ढोल वाजले, आणि पहिला ढोल गोमाचा होता असे सांगतात.

मग पोहत एक खलाशी किनाऱ्याला लागला. आपल्याच भागातला होता. म्हणाला, "ढोल कसले वाजवता? पाणी भरायला आलो होतो, आणि तुमच्या माणसाला घरी सोडायला. पोशा नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला, उभा राहून ओरडत होता, खडक आहे, दीड वाव. कप्तानाने नकाशा पुढे धरला. म्हणाला, इथे दहा लिहिलंय, तुझ्याच भावाने मोजलंय."

"मग?" गोमाने विचारलं.

"मग तो गप्प बसला."

पोशा सापडला नाही. मला या गोष्टीत सगळ्यात वाईट वाटतं ते त्याच्या गप्प बसण्याचं. भावाचा शब्द खोटा पाडण्यापेक्षा त्याने स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला.

गोमा पुढे मासेमारीला गेला नाही. रोज होडी खडकापाशी लावून जाणाऱ्या-येणाऱ्याला खोली सांगत राहिला. मरताना त्याने गावाकडून वचन घेतलं, "वैरी असला तरी त्याला पानी खोटं सांगू नका."

आजही ते पाळतात, आणि खरं सांगू, पाळून पाळून लोक थकलेत. बाहेरचे मोठे ट्रॉलर आमची मासळी खरवडून नेतात. परवा असाच एक आमच्या जाळ्यांच्या अंगावरून खडकाकडे सुटला. माझा थोरला होडीत होता. आईबहिणीवरून शिव्या देत उठला आणि घसा बसेपर्यंत ओरडला, "दीड वाव! दीड वाव!" ट्रॉलर वळला, उरलेलं जाळंही फाडत निघून गेला. थोरला घरी आला, जेवला आणि जाळं शिवायला बसला.