केरबा नेट जोडतो

एका गावात एक भोळा माणूस होता. केरबा त्याचं नाव. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. जसं सांगितलं तसंच करायचा. गाव त्याला काम सांगायला भ्यायचं ते त्यामुळेच.

त्याची बायको शालन. शिवणकामात तिचा हात धरणारं आसपासच्या गावांत कोणी नव्हतं. तालुक्याच्या शिवणशाळेला घरबसल्या लॅपटॉपवरून वर्ग घेणारी शिक्षिका हवी होती. शालनने अर्ज केला. उत्तर आलं, गुरुवारी अकरा वाजता मुलाखत, तीही लॅपटॉपवरच. शाळेच्या घोरपडे मॅडम स्वतः प्रश्न विचारणार.

शालन हरखून गेली. सात वर्षं तिने दुसऱ्यांच्या झंपरांना हुक लावले होते. आता पोरी तिला बाई म्हणणार होत्या. भावाचा जुना लॅपटॉप तिने मागून आणला. नेट मात्र घरात एकच, केरबाच्या फोनमधलं.

रविवारी ती म्हणाली, "अहो, तुमचा फोन जरा लॅपटॉपला जोडा. मी भाकरी टाकून येते."

ती भाकरी टाकून आली. फोन आणि लॅपटॉप म्हशीच्या दाव्याने करकचून बांधलेले. वर तीन गाठी.

"हे काय?"

"जोडला. हिसका देऊन बघ. सुटायचा नाही."

शालन गाठी सोडवत म्हणाली, "अहो, दावं लागत नाही. ते हवेतून जातं. नुसतं उंच, मोकळ्यावर ठेवायचं."

"असं होय. पुढच्या वेळी तसंच करतो."

सोमवारी केरबाला बहिणीकडून शेळी आणायची होती. बहीण दावं द्यायला लागली. "दावं लागत नाही," केरबा म्हणाला. खांद्यावर टाकून त्याने शेळी घरी आणली, शिडी लावली आणि शेळी उंच, मोकळ्यावर ठेवली. कौलांवर.

शेळीने एकवीस कौलं फोडली. मग ओरडायला लागली.

शालन धावत बाहेर आली. दोघांनी मिळून शेळी उतरवली. मग दम खाऊन शालन म्हणाली, "अहो, नवीन जनावर दारात आलं की आधी पाणी दाखवावं. पुढ्यात पाला टाकावा. पाठीवरून हात फिरवावा. म्हणजे ते रुळतं."

"हे आधी सांगायचं. पुढच्या वेळी तसंच करतो."

मंगळवारी शालनने फोनच्या नेटवर लॅपटॉप लावून बघितला. चालला. पण अर्ध्या तासात फोन तव्यासारखा तापला आणि बॅटरी निम्म्यावर आली. तिने केरबाला बाबालालच्या मोबाइलच्या दुकानात पाठवलं. फोनच्या नेटवर भागेल का वेगळं घ्यावं, एवढंच विचारून यायचं होतं.

बाबालालने नीट समजावलं. "एका तासाची मुलाखत असेल तर फोन पुरे. पण त्याच्यावर ताण येतो. मध्येच कुणी फोन केला तर नेट अडखळतं. वहिनींना रोज वर्ग घ्यायचे असतील तर ही वायफायची डबी घ्या. हिच्यात वेगळं कार्ड, वेगळा प्लॅन. तुमचा फोन तुम्हाला मोकळा. चार दिवस वापरून बघा, पटली तर ठेवा."

केरबा डबी घेऊन घरी आला. शालन दळण आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा केरबा अंगणात उकिडवा बसला होता. समोर बादली. बादलीशेजारी सुबाभळीचा पाला. बादलीत डबी. केरबा पाण्यात हात घालून तिच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"अहो!"

"नवीन आहे. रुळवतोय. पाणी दाखवलं, पण पीत नव्हती. तोंड कुठल्या अंगाला आहे ते कळेना, म्हणून सगळीच बुडवली."

डबीचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

शालन उंबऱ्यावर बसली. रडली नाही. डबी पदराने पुसली. मग म्हणाली, "आता फोनवरच भागवायचं."

बुधवारी तिने फोनवर पुन्हा चालवून बघितलं. नेट गोगलगाईसारखं. बाहेर डोकावली तर शेजारच्या तुकाबांचे दोन जावई भिंतीला टेकून फुकटात क्रिकेट बघत होते.

"यांना पासवर्ड कुणी दिला?"

"मी. त्यांनी मागितला."

शालनने पासवर्ड बदलला आणि केरबाला समोर बसवून एकेक शब्द सावकाश सांगितला. "पासवर्ड आहे काजबटण. ज्याला येतो तोच आत. ज्याला येत नाही तो बाहेर. मग तो जावई असो नाहीतर कलेक्टर. कुणाला सांगायचा नाही. तीनदा चुकला तर बंदच करायचं. आणि कुणाला कळलाच, तर लगेच बदलायचा. कळलं?"

"कळलं."

"आणि उद्या फोन वाजला तर उचलायचा नाही."

गुरुवारी शालन नवी साडी नेसून मधल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली. कानाला इयरफोन लावले. केरबा फोन घेऊन पुढच्या दाराशी बसला. पावणेअकराला फोन वाजला. केरबाने कट केला. परत वाजला. परत कट केला. चार वेळा वाजला, चार वेळा कट केला.

अकरा वाजले. लॅपटॉपवर कुणीच आलं नाही. शालन परत परत घड्याळ बघू लागली.

सव्वाअकराला दारात एक बाई आल्या. "शालनताई इथंच राहतात ना? मी घोरपडे, शिवणशाळेची. पलीकडच्या गावात काम होतं, म्हटलं समोरासमोरच बोलावं. फोन लावला, पण कुणी उचलेना."

"पासवर्ड?" केरबा म्हणाला.

"काय?"

"'काय' नाही. एक चुकला."

मॅडम हसल्या. "अहो, चेष्टा करताय का?"

"हाही नाही. दोन झाले."

"अहो, मी मुलाखतीला आलेय!"

"तीन," केरबा म्हणाला आणि दार लावून कडी घातली.

दाराचा आवाज शालनने ऐकला. तिने इयरफोन काढले आणि विचारलं, "कोण होतं?"

"घोरपडे म्हणून कुणी बाई. तिन्ही वेळा चुकल्या."

केरबा दार अडवून बसलेला, म्हणून शालन मागच्या दाराने पळाली. वळसा घालून पुढे आली तेव्हा मॅडम ओट्याच्या पायऱ्या उतरत होत्या. तिने हात जोडले, माफी मागितली आणि दार ठोठावलं.

"अहो, उघडा!"

आतून आवाज आला, "पासवर्ड?"

"काजबटण!" शालन ओरडली. सगळ्या आळीला ऐकू गेलं. तुकाबांचे दोन्ही जावई बाहेर आले.

आतून केरबा म्हणाला, "आता सगळ्यांनाच कळला. थांबा, बदलतो."

तो बदलेपर्यंत मुलाखत ओट्यावरच झाली. मॅडमनी विचारलं, बाहीला मुंढ्यात, खांद्याच्या जोडाशी, चुणी का पडते? शालनने कोळशाने ओट्यावर बाही काढली, मुंढा काढला, कुठे अर्धा इंच सोडायचा ते दाखवलं. मॅडम वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, सोमवारपासून वर्ग घ्या. पण रोजचे चार तास आहेत. फोनच्या नेटवर नको, वेगळी डबी घ्या."

"घेते," शालन म्हणाली. "पण मी स्वतः जाऊन घेते."

इतक्यात केरबा मागच्या बाजूने वळसा घालून आला. चेहरा आनंदाने फुललेला.

"सुचला! असला सुचलाय, कुणाच्या बापाला कळायचा नाही. मागचं दारही ओढून घेतलं. कडी पडली आतून. आता कुणी शिरायचं नाही."

तो पुढच्या दाराशी गेला. दोनदा ठोठावलं. इकडेतिकडे बघून फटीशी तोंड नेलं आणि हळूच काहीतरी पुटपुटला. थांबला. परत पुटपुटला. दार उघडेना.

"काय झालं?" शालनने विचारलं.

"पासवर्ड बरोबर आहे," केरबा म्हणाला. "पण विचारायला आत मी नाही."