क्रमांक एक हजार तेवीस

"मग अकरा वेळा हाक मारली कोणी?" बाईंनी विचारलं.

"कोणीच नाही," श्रीरंग म्हणाला. "नोंदीत तसंच आहे."

कालिंदीबाई नेन्यांनी तीस वर्षं यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिले होते आणि आता त्या गडाच्या पायथ्याशी एकट्या राहत होत्या. श्रीरंग त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. हे त्यालाही ठाऊक होतं, जरा जास्तच.

गडावर नवा रोपवे झाला होता आणि त्याचा प्रोग्राम श्रीरंगनं लिहिला होता. ट्रॉलीत काही बिनसलं आणि आतल्या माणसानं लाल बटण दाबलं, की ट्रॉली थांबली पाहिजे. बटणाची ती हाक प्रोसेसरच्या एका रजिस्टरात, म्हणजे आकडा ठेवायच्या छोट्या कप्प्यात, येऊन उभी राहते. रजिस्टर वाचलं की कोणाची हाक ते कळतं. उद्यापासून लोक बसणार होते. आज संध्याकाळपर्यंत श्रीरंगला सही करायची होती.

काल धुक्यात रोपवेवरचा कामगार रमजान मुजावर चाचणीसाठी ट्रॉलीत बसला. त्याने अकरा वेळा बटण दाबलं. ट्रॉली थांबली नाही. नोंदीत अकरा ओळी उमटल्या आणि प्रत्येक ओळीत एकच आकडा होता, १०२३. प्रोसेसरच्या लेखी त्याचा अर्थ, हाक मारणारं कोणी नाही.

मुजावर शपथेवर सांगत होता की बटण मीच दाबलं. श्रीरंगनं त्याला चारचौघांत गप्प केलं. नोंद खोटं बोलत नाही, तू दाबलंच नसशील, असं म्हणाला; हे बाईंच्याही कानावर आलं होतं. तेव्हापासून तो बिचारा भेटेल त्याला विचारतो आहे, मी आत होतो ना?

"तुझा मॅक्रो दाखव," बाई म्हणाल्या.

श्रीरंगची कळी खुलली. मॅक्रो म्हणजे आज्ञांचा तयार साचा; रजिस्टराचं नाव द्यायचं, तो ते जसंच्या तसं आज्ञेत चिकटवतो. शंभर रजिस्टरांना एकच ओळ पुरते. त्यावर त्याने दुसरा मॅक्रो चढवला होता, हाक आली का ते बघणारा, आणि आली असेल तर नोंदवून ब्रेकला कळवणारा.

बाईंनी तो पेन्सिलीनं वहीत उतरवला.

"रजिस्टर वाचायची आज्ञा यात किती ठिकाणी चिकटते?"

"दोन. एकदा बघायला, एकदा नोंदवायला... पण बाई, पाटी दोनदा वाचली म्हणून अक्षरं पुसली जात नाहीत."

बाईंनी वही उचलली.

मग त्यांनी त्याला अंगणात जायला सांगितलं. मी दार लावते, तू कडी वाजव. नाव एकदाच सांगायचं, दुसऱ्यांदा नाही. श्रीरंगला हसू आलं, पण बाईंचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती.

बाहेर धुकं पायरीपर्यंत आलं होतं. त्याने कडी वाजवली.

"कोण आहे?"

"श्रीरंग."

"कोण आहे?"

ठरल्याप्रमाणे तो गप्प राहिला.

आत वहीवर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला. मग पावलं दारापासून लांब गेली.

त्याचं हसू विरलं. ते रजिस्टर पाटी नव्हतं. पहिल्या वाचनालाच ते हाक देऊन टाकतं आणि रिकामं होतं. माहितीपुस्तकात हे छापलेलं होतं आणि त्याने ते वाचलंही होतं. पहिल्या वाचनात मुजावर सापडत होता आणि कोणी नोंदवत नव्हतं. दुसऱ्या वाचनात कोणीच उरत नव्हतं, आणि तेवढंच नोंदवलं जात होतं, ब्रेकलाही तेवढंच कळत होतं.

"बाई, दार उघडा. कळलं मला."

...

वर धुक्यात तारेवरून ट्रॉली करकरत गेली. ती रिकामीच असणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. खात्री मात्र वाटेना. त्याने मागे पाहिलं तर अंगण दिसत नव्हतं, आपण आलो ती वाटही नव्हती. त्याने दारावर तळहात टेकला.

"बाई... मी आहे ना इथे?"

आतून बाईंचा आवाज आला, अगदी शांत.

"वहीत तर कोणी नाही असं लिहिलंय. आणि नोंद खोटं बोलत नाही."