अर्ध्या ओवीचा महिमा

“माझं मृत्युकाव्य ऐकून दगडाला पाझर फुटतो,” असं सांगत त्र्यंबककवी सरूआजींच्या माजघरात शिरले. थोड्याच वेळात त्यांच्याच पायानं फुटला तो आजींचा पाण्याचा माठ.

त्या वर्षी निवांत महाराज आंबेजळ गावी मुक्कामाला होते. सरूआजींनी अंथरूण धरलेलं. वेळ जवळ आलीय हे त्यांना कळत होतं, पण भीती काही जाईना. “महाराज, असं गाणं ऐकवा की न घाबरता जाईन,” एवढंच त्यांचं मागणं. महाराजांनी दोघांना बोलावलं. एक कवी, आणि दुसरी मठाचं अंगण झाडणारी भागू.

भागूला बघून कवी हसले. “ही? ही शेणीला गाणी म्हणते. मरणावर गायला छाती लागते, बाई.”

भागू दाराशी बसली.

कवींनी आवाज चढवला. समुद्र आटला, वणवे पेटले, काळ्या ढगातून यमाचा रेडा आला. वीज कडाडायच्या ओळीला त्यांनी पाय आपटला आणि माठ गेला. समुद्र तिकडे कोरडा, माजघरात मात्र पाणीच पाणी.

आजींनी बाजेची कड घट्ट धरली. त्यांना धाप लागली. “कवीबुवा, मी समुद्र कधी बघितला नाही. तो माझ्यापायी का आटवता? आणि रेडा दारात आहे का आता?”

“ती उपमा आहे, आजी.”

“मारकी आहे का?”

महाराज भागूकडे वळले. “झाडताना गुणगुणतेस ते म्हण.”

“महाराज, ते अर्धंच आहे. पुढं सुचत नाही.”

“अर्धंच म्हण. बाळाला झोपवताना म्हणतात, तशा आवाजात.”

भागू बाजेच्या पायाशी सरकली.

“सावरीचं बोंड, फुटलं दुपारी,
कापूस निघाला, गं वाऱ्यावरी.
बांध ओलांडला, नदी ओलांडली,
त्याच्याही पलीकडं...”

आणि थांबली.

“पलीकडं कुठं?” आजींनी विचारलं.

“ठाऊक नाही, आजी. मला नदीपर्यंतच दिसतं.”

“शेवटच नाही,” कवी पुटपुटले.

“गप बसा हो.” आजींचा हात बाजेवरून सुटला होता. “नदीत भिजत नाही का गं तो?”

“वरनंच जातो.”

“एकटाच?”

“एकेक करत सगळाच जातो.”

आजी विचारात पडल्या. दिवस पौषाचे. सावरीची बोंडं फुटायला उन्हाळा यायचा होता, दारं-खिडक्या थंडीनं बंद. तरी कापसाचा एक पुंजका बाजेवर तरंगत आला. सगळ्यांनी बघितला. तो आजींच्या डोक्यावरून बंद खिडकीकडे गेला आणि मग कुणालाच दिसला नाही. महाराजांनी हात जोडले.

“आजी, कुणीतरी बघून यायला हवं.”

“मीच बघते,” आजी म्हणाल्या, शेजारच्या घरी डोकावून यावं तितक्या सहज. आणि गेल्या. ‘मग पुढं?’ असं विचारायला उचललेल्या भुवया तशाच राहिल्या.

मग महाराजांनी विचारलं, “कवीबुवा, ओवी पुरी करता का?”

“नको महाराज. मला तर बांधापर्यंतही दिसलं नव्हतं.” कवींचे डोळे भरून आले. त्यांनी बाजेपाशी बसून भागूच्या पायांवर डोकं ठेवलं.

उठताना त्यांची शेंडी बाजेच्या सुंभात अडकली. ती कापून काढेपर्यंत आजींना खाली घेता आलं नाही.